खात्यात ४१ हजार, मग वर्षभर कमावलं काय?

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३८. खासगी शाळेत शिकवत होत्या, पगार महिना १८ हजार. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्या कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि मेतकूट ऑनलाइन विकू लागल्या. काही विक्री व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून थेट होते, काही एका मोठ्या शॉपिंग साइटवरून. सासूबाई रोज हाताशी असतात, शिवाय दोन बायका अर्धा दिवस कामाला येतात. ३१ मार्चला ताईंनी वर्षाचा हिशेब काढला. मोबाइलवर ऑर्डरींची बेरीज १४ लाख ६० हजार, बँकेत शिल्लक ४१ हजार. सीए म्हणाले, विवरणपत्रात ८४ हजार उत्पन्न दाखवू. पती म्हणाले, "शाळेत असतीस तर वर्षाला २ लाख १६ हजार घरात आले असते." ताई विचारतात, "बंद करून परत शाळेत जाऊ, की जाहिरातीवर आणखी पैसे घालून विक्री दुप्पट करू? दर वाढवायची भीती वाटते. रात्री साडेअकरापर्यंत मेसेजना उत्तरं देते आणि वर्षाच्या शेवटी माझ्याकडे दाखवायला काही नाही." सोबत वहीच्या पानांचे फोटो आहेत. खालचे आकडे त्या वहीतलेच, जीएसटी वगळून आणि हजारांत धरून.

ताई,

तुम्ही वर्षभर वही लिहिलीत म्हणून तुमच्या पत्राला नीट उत्तर देता येतंय. बऱ्याच पत्रांत एकच आकडा असतो, विक्रीचा. तुमच्याकडे खरेदीच्या तारखा आहेत, कांडपाचे पैसे आहेत, परत आलेल्या पार्सलांची यादी आहे. तुम्ही 'दाखवायला काही नाही' म्हणताय, पण ही पानं ओळीनं वाचली तर तसं दिसत नाही.

आधी १४ लाख ६० हजार घेऊ. ही आलेल्या ऑर्डरींची बेरीज. त्यातली ६० हजारांची पार्सलं साइटवरून परत आली किंवा रद्द झाली, बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीची. तेव्हा विक्री १४ लाख. मोबाइलच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा नेहमी ऑर्डरींचाच असतो, त्यावरून आनंदही करू नये आणि घरी कुणाला सांगूही नये.

आता खरेदी. वर्षात मिरची, धणे, खोबरं, तीळ, खडा मसाला मिळून ६ लाख ३० हजारांचा माल घेतलात आणि तो सगळा खर्चाच्या रकान्यात टाकलात. फेब्रुवारीच्या शेवटापासूनची पानं पुन्हा उघडा. ब्याडगीची पोती, संकेश्वरी, धण्यांचं पोतं, खोबऱ्याच्या वाट्या, अशी सगळी मोठी खरेदी तिथे एकापाठोपाठ एक आहे. आपल्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यातच होते, नवी मिरची तेव्हाच बाजारात असते आणि पावसाच्या आत कांडप उरकावं लागतं. तुमच्याच शेवटच्या पानावर नोंद आहे की ३१ मार्चला १ लाख ७० हजारांचा माल शिल्लक होता. आदल्या वर्षी त्याच तारखेला ६० हजारांचा होता. म्हणजे या वर्षीच्या विक्रीसाठी खरोखर वापरलेला माल ६० हजार अधिक ६ लाख ३० हजार वजा १ लाख ७० हजार, एकूण ५ लाख २० हजारांचा. सरकारी वर्ष नेमकं अशा दिवशी संपतं, जेव्हा मसाल्याच्या धंद्यात खातं रिकामं आणि कोठीची खोली भरलेली असते. ते १ लाख ७० हजार कुठे गेलेले नाहीत, पोत्यांत आहेत.

हे प्रत्येक धंद्यात सारखं नसतं. ऑनलाइन हापूस विकणाऱ्याच्या खात्यात ३१ मार्चला आगाऊ बुकिंगचे भरपूर पैसे दिसतात, आणि आंबा अजून झाडावर असतो. त्याला वर्ष फार चांगलं गेल्यासारखं वाटतं, तुम्हाला फार वाईट गेल्यासारखं. दोघांनीही बँकेच्या शिल्लकीवरून वर्ष ठरवू नये.

बाकीचे खर्च तुम्ही बरोबर मांडलेत. कांडप, गॅस, पाउच, डबे, खोकी १ लाख ६० हजार. दोन बायकांचा पगार १ लाख २० हजार. थेट ऑर्डरींचं कुरिअर १ लाख ३० हजार. साइटनं कापून घेतलेलं कमिशन, पाठवणी वगैरे १ लाख १५ हजार. जाहिरात ८५ हजार. फोन, परवाना, लेबल असं किरकोळ २० हजार. मालासकट एकूण साडेअकरा लाख. १४ लाखांतून गेले, उरले अडीच लाख. पाउच सील करायचं यंत्र आणि नवा ग्राइंडर ३५ हजारांना घेतलात. ते एका वर्षात संपणारे नाहीत, झीज म्हणून पाचेक हजार धरा. वर्षाचा नफा २ लाख ४५ हजार.

मग बँकेत ४१ हजारच कसे? वर्षाच्या सुरुवातीला खात्यात ५१ हजार होते. वर्षभरात धंद्यातून रोख १ लाख ४० हजार वाढले, कारण झीज धरण्याआधीच्या अडीच लाखांतले १ लाख १० हजार वाढीव मालात गेले. त्यातून यंत्रांचे ३५ हजार दिलेत. उरले १ लाख ५६ हजार. आणि त्याच खात्यातून मुलीच्या क्लासची फी ४८ हजार, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे ३२ हजार आणि दुचाकीचे हप्ते ३५ हजार गेलेत. हे १ लाख १५ हजार तुम्ही वहीत 'इतर' म्हणून लिहिलेत. ताई, हा खर्च नव्हे, ही तुमची उचल आहे. धंद्यानं कमावलं आणि मालकिणीनं घरासाठी काढलं. पगारदार माणूस घरात पैसे देतो तेव्हा त्याची नोंद होते, पासबुकात दिसते, घरात बोललं जातं. तुमचे पैसे फीच्या दिवशी परस्पर यूपीआयनं गेले, म्हणून ते कमावलेत असं कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्याही नाही. बायकांनी घरून चालवलेल्या किती धंद्यांचा हिशेब असा घरखर्चात विरघळून जातो आणि वर्षाअखेर त्या स्वतःलाच अपयशी ठरवतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तुमच्या पतींवर मात्र रागावू नका. त्यांना जो एक आकडा दिसला त्यावरून ते बोलले, आणि तुम्हीही तोच आकडा खरा धरलात. एका रविवारी वही घेऊन दोघं बसा आणि वरची वजाबाकी त्यांना स्वतःच्या हातानं करू द्या.

मात्र '२ लाख ४५ हजार विरुद्ध २ लाख १६ हजार, म्हणजे मी जिंकले' असंही एवढ्यात म्हणू नका. या नफ्यात सासूबाईंचे रोजचे तीन तास फुकट धरलेत. लसूण सोलणं, मिरचीचे देठ काढणं, खोबरं किसणं, भाजताना परतत राहणं. कामाला येणाऱ्या बायकांना तुम्ही तासाला साधारण ५० रुपये देता. सासूबाईंचे वर्षाचे नऊशे तास त्याच दरानं धरले तर ४५ हजार होतात. उरले दोन लाख. तुमचे स्वतःचे तास, रात्रीचे मेसेज धरून, अडीच हजारांच्या आसपास जातात. तासाला ८० रुपये. शाळेत तास कमी होते, मे महिन्याची सुट्टी होती, भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर तोही मिळकतीत धरायला हवा. या बाजूनं पाहिलं तर तुमच्या पतींचा प्रश्न रास्त आहे. फक्त तो ४१ हजारांवर उभा नाही, तासावर उभा आहे.

तेव्हा आता बघायचं ते हे की तासाचे ८० कुठून आले. इथे तुमच्या वहीत मला सगळ्यात मोलाची गोष्ट सापडली.

थेट विक्री ९ लाख ४० हजारांची, साइटवरची ४ लाख ६० हजारांची. माल, पॅकिंग आणि मजुरी मिळून दोन्हीकडे शंभर रुपयांमागे ५७ जातात. थेट ऑर्डरीत कुरिअरचे १४ आणि जाहिरातीचे दोन जाऊन शंभरातले २७ उरतात. साइटवर कमिशन आणि पाठवणीचे २५ जातात. शिवाय जाहिरातीच्या ८५ हजारांतले ६५ हजार तुम्ही साइटवर वर दिसण्यासाठी घातलेत, ते शंभरामागे आणखी १४. उरतात चार. अख्ख्या वर्षात साइटनं तुम्हाला दिले सुमारे १७ हजार रुपये.

आता तुमचा 'विक्री दुप्पट करू का' हा प्रश्न परत वाचा. याच पद्धतीनं साइटवरची विक्री दुप्पट केलीत, तर अर्धा किलोचे आणखी दीड हजार पुडे भाजायचे, कुटायचे, भरायचे, आणि हाती आणखी १७ हजार. पुड्यामागे अकरा रुपये. परत आलेल्या पार्सलांची कटकट वेगळी. मी तुमच्या जागी असते तर जून ते ऑगस्ट साइटवरची जाहिरात पूर्ण थांबवून बघितलं असतं. जाहिरात नसेल तर शंभरामागे १८ उरतात, म्हणजे विक्री निम्मी झाली तरी वर्षाला ४१ हजार. मजुरीही त्या प्रमाणात कमी होईल असं धरून हा हिशेब आहे. तशी ती कमी करायला नको, दोघींचे तास थेट ऑर्डरींकडे वळवा. साइट सोडा असं माझं म्हणणं नाही. नवीन माणसं तिथे भेटतात आणि लेबलावरचं नाव वाचून पुन्हा मागवतात. पण पैसे घालून तिथे गर्दी करण्यात अर्थ दिसत नाही.

दराची भीती. अर्धा किलोचा पुडा ३०० ला देता. थेट ग्राहकांसाठी तो ३२० केला तर पाचातला एक ग्राहक सोडून गेला तरी तुमचा नफा आत्ताइतकाच राहतो, आणि काम पाचव्या हिश्शानं कमी होतं. आज पुड्यामागे ८१ उरतात, मग १०१ उरतील, म्हणून. तुमच्या यादीत पुण्या-मुंबईची आणि बंगळुरूची अशी माणसं आहेत जी तीन वर्षं तुमच्याकडूनच नेतात. वीस रुपयांसाठी त्यांतली किती जातील? मला पाचात एक वाटत नाही. मिरचीचा भाव वाढला की दुकानदारही वाढवतो, लोकांना ते समजतं. नव्या कांडपाच्या मालापासून नवा दर लावा आणि आठ दिवस आधी कळवा, म्हणजे जुन्या दरात घ्यायचं त्यांना घेता येईल.

एक बारीक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात: "प्रत्येक पुड्यात दहा-पंधरा ग्रॅम जास्तच भरते, आपली पद्धत आहे." वर्षाचे पुडे साडेचार हजारांच्या वर आहेत. पंधरा ग्रॅमनं ७० किलो मसाला झाला, नुसत्या मालाचेच साडेपंधरा हजार रुपये. साइटनं वर्षभरात मिळवून दिलं जवळजवळ तेवढंच. पद्धत मोडा असं म्हणवत नाही, देणाऱ्या हाताचं मला कौतुक आहे. पण पुड्यातले पंधरा ग्रॅम ग्राहकाला कळतही नाहीत. त्याऐवजी जुन्या ग्राहकांना दिवाळीत मेतकुटाची छोटी पुडी घातलीत तर त्यांना ती दिसेल, आणि तुम्हालाही किती दिलं ते माहीत असेल. याच काट्यावर एकदा घटही मोजा. दहा किलो मिरची आणली, ऊन दिलं, देठ काढले, भाजली, कुटून चाळली, हाती किती आली? ते वजन कळल्याशिवाय पुड्याचा खर्च कागदावर खरा उतरत नाही, मिरचीचा भाव किलोला वीस रुपयांनी वाढला की पुड्याला किती बसले हेही सांगता येत नाही.

करांबद्दल थोडक्यात. सीएंनी सांगितलेले ८४ हजार चुकीचे नाहीत. छोट्या धंद्यांना सोय आहे की डिजिटल मार्गानं आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं. १४ लाखांचे ६ टक्के ८४ हजार. पण तो किमान आकडा आहे, तुमची कमाई नव्हे. कमाई जास्त असेल तर तीच दाखवावी, सीएंना तसं सांगा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे दुसरं काही उत्पन्न नसेल तर कर तसाही लागत नाही. आणि उद्या स्वतःचं कांडप यंत्र घ्यायला कर्ज मागायला गेलात तर बँक ८४ हजारांच्या कागदावर फार देणार नाही. दुसरं, साइट कमिशनबरोबर जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि लागू असेल तिथे आयकरापोटी शंभर रुपयांना दहा पैसे कापते. ही रक्कम तुमच्या नावे सरकारकडे जमा असते आणि करात वळती होते. कपातीच्या १ लाख १५ हजारांत ती मिसळली असेल तर बाहेर काढा. आणि हे सदर वाचून नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी: माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटीची मर्यादा ४० लाखांची असली, तरी परराज्यात माल विकायचा असेल तर पहिल्या पुड्यापासून नोंदणी लागते. ग्राहकाकडून घेतलेला कर आला की वेगळा ठेवायचा, तो आपल्या विक्रीत धरायचाच नाही.

या वर्षी दोन खाती करा. धंद्याचं खातं फक्त धंद्याचं. दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून तुमच्या खात्यात १५ हजार आणि सासूबाईंच्या खात्यात साडेतीन हजार जाऊ द्या. वर्षाचे २ लाख २२ हजार होतात. मालाचा साठा आत्ताइतकाच राहिला तर धंद्याला हे झेपतं. फी, हप्ते, औषधं सगळं त्या १५ हजारांतून, धंद्याच्या खात्याला हात नाही. सासूबाई 'मला कशाला' म्हणतील. तरी द्याच. ऑपरेशन त्यांच्याही कष्टाच्या पैशांतून झालंय, हे त्यांना कुणी सांगितलंय का? तिसरं म्हणजे, दिवाळीच्या विक्रीतून मिरचीचे पैसे बाजूला काढून आवर्ती ठेवीत टाका, म्हणजे फेब्रुवारीत खरेदीला घरातली बचत ओढावी लागणार नाही. मेसेजना संध्याकाळी सातनंतर आपोआप जाणारं उत्तर लावा. साडेअकराला मसाला मागणारा सकाळी नऊला उत्तर मिळालं तरी मागवतोच.

शाळेचा प्रश्न राहिला. वर्गात शिकवणं तुम्हाला आठवतं का, हे पत्रात कुठेच नाही. आठवत असेल तर ते परत जायला पुरेसं कारण आहे, त्याला हिशेबाची गरज नाही. पण 'इथे काही मिळत नाही' म्हणून जात असाल तर एक दिवाळी थांबा. व्यापारी पाडव्याला वहीपूजन करतात, त्या दिवशी तुम्हीही कोठीतला माल तोलून साठा लिहा आणि एप्रिलपासूनचा नफा याच रीतीनं काढा. फक्त उन्हाळ्यातलं भाजण-कांडपाचं काम त्या सहा-सात महिन्यांतच सरतं, त्यामुळे तेव्हाचे तास जास्त दिसतील, तेवढी सूट द्या. थेट विक्रीत शंभरामागे २७ चे १५ झाले असतील आणि तुमच्या तासाला कामाच्या बायकांइतकेच ५० पडत असतील, तर जूनपासूनच्या जागेसाठी अर्ज करा. तासाला ८० चे १०० झाले असतील, तर फेब्रुवारीत मिरचीच्या खरेदीला जाताना पतींनाही बरोबर घेऊन जा.